तालुक्याच्या इतिहास व पुरातत्त्व मंडळाने काय करावे आणि कशाला हात लावू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी शिक्षक, वकील, शेतकरी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी अशा दहा-बारा जणांनी मिळून इतिहास व पुरातत्त्व मंडळ काढायचे ठरवले आहे. गावालगतच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खापरे आणि मणी सापडतात, वेशीजवळ वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, पडून आहेत, एका जुन्या वतनदार घराण्याकडे मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. अशा स्थितीत वर्षभरात कोणते उपक्रम घ्यावेत, पांढरीवर लहानसे उत्खनन करता येईल का, आणि सापडलेल्या वस्तूंचे संग्रहालय उभारावे का, असे आपण विचारले आहे. अशा मंडळांबरोबर क्षेत्रकाम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या आधारावर मी सांगेन की, स्थानिक मंडळाचे पहिले आणि सर्वांत मोलाचे काम नोंद करणे हे आहे. वस्तू नेमकी कोठे होती, तिच्या शेजारी काय होते, ती कोणत्या अवस्थेत मिळाली आणि ती कोणी पाहिली, हे लिहून ठेवणारा माणूस गावातच असावा लागतो. पुण्या-मुंबईहून येणारा तज्ज्ञ हे काम वेळेवर करू शकत नाही, कारण तो येईपर्यंत जेसीबी येऊन गेलेला असतो.

उत्खननाचा प्रश्न प्रथम घेतो, कारण उत्साहाच्या भरात मंडळे येथेच चुकीच्या वाटेला लागतात. परवान्याशिवाय पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा संरक्षित स्मारके व स्थळे यांना लागू आहेतच. पण जागा संरक्षित नाही म्हणून ती कोणीही खणावी असाही अर्थ होत नाही, कारण असंरक्षित जागी राज्य शासनाला उत्खनन करायचे असले तरी त्याला केंद्राची पूर्वसंमती घ्यावी लागते. परवाना मिळतो तो प्रशिक्षित माणसे, प्रयोगशाळा, साठवणुकीची सोय आणि अहवाल छापण्याची क्षमता असलेल्या संस्थांना. कायद्यापेक्षाही मोठे कारण कामाच्या स्वरूपात आहे. उत्खनन म्हणजे थर एकामागून एक काढून टाकणे, आणि एकदा काढलेला थर पुन्हा बसवता येत नाही. मातीच्या रंगातला किंचित फरक, चुलीची राख, कुडाच्या खांबाचे खड्डे, शेणाने सारवलेल्या जमिनीचे बोटभर जाडीचे पापुद्रे हे सारे ओळखता आले नाही, तर खड्ड्यातून खापरे बाहेर येतात आणि गाव मात्र कायमचे नाहीसे होते.

थर हरवला म्हणजे काय हरवते, याचे आपल्या राज्यातले सर्वांत बोलके उदाहरण दायमाबादचे आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) स्थळावर १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार धातुशिल्पे सापडली: बैलांचा रथ आणि तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय कलेच्या इतिहासात या शिल्पांना तोड नाही. त्यानंतर १९७५ ते १९७९ या काळात शां. अ. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे मोठे उत्खनन झाले, तरीही शिल्पांचा काळ वादातीत ठरला नाही. साळी, शि. रं. राव आणि म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून डी. पी. अग्रवाल यांनी त्यावर शंका घेतली. शिल्पे प्रशिक्षित उत्खनकाच्या हातून, ओळखलेल्या थरातून आली असती, तर हा वाद बहुधा इतका लांबलाच नसता. त्या शेतकऱ्याचा यात दोष नाही. पण बुद्ध्याच खड्डा खणणाऱ्या मंडळाला तशी सूट देता येणार नाही.

आता आपल्या पांढरीविषयी. काळी ही पिकाची आणि पांढरी ही वस्तीची, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शेकडो वर्षांच्या राखेने, शेणाने आणि कोसळलेल्या मातीच्या भिंतींनी बनलेली ही भुरकट माती धाब्याच्या घरांच्या माळवदावर टाकण्यासाठी आणि शेतात पसरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या उचलली गेली. पूर्वी ती टोपलीने जात असे, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने जाते. मराठवाड्यात आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात अशा कितीतरी पांढरी निम्म्याहून अधिक कापल्या गेल्या आहेत. म्हणून मंडळाचा पहिला उपक्रम उत्खननाचा नव्हे, तर तालुक्यातील सर्व पांढरींच्या गावनिहाय पाहणीचा असावा, असे मी आग्रहाने सांगेन. पांढरीची माती काढल्यामुळे उभी कड उघडी पडलेली असेल, तर तीच आपली आयती खिडकी आहे. तिचे समोरून, माप दाखवणारी पट्टी लावून छायाचित्र घ्यावे, थर किती उंचीवर बदलतात ते मोजावे आणि कडेला मात्र हात लावू नये.

पाहणीची तयारी घरी बसून होते. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळवावा, सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा जवळ ठेवावा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये आपल्या तालुक्याविषयी काय लिहिले आहे ते उतरवून काढावे. त्या काळी नोंदलेले देऊळ, लेख, तळे किंवा गढी आज तेथे आहे का, एवढे जरी मंडळाने तपासले, तरी एक पूर्ण हंगाम सत्कारणी लागतो. मग गावातल्या वयस्क मंडळींकडून शेतांची नावे विचारावीत. सातबाऱ्यावर केवळ गट क्रमांक असतो, पण माणसांच्या तोंडी पांढरीचा मळा, बुरुजाचे शेत, जुने गावठाण, देवळाचा माळ अशी नावे असतात आणि ती नावे बहुतेक वेळा खरे सांगतात.

शेतात जाण्याची वेळ नीट निवडावी लागते. पीक उभे असताना काही दिसत नाही आणि शेतकऱ्याचे नुकसानही होते. रब्बी निघाल्यावर, नांगरट झाल्यावर आणि वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर जमिनीवरची खापरे धुऊन निघतात, मणी आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे उठून दिसतात. पाहणीला याहून चांगले दिवस नाहीत. शेतमालकाची परवानगी घेऊन, चार-पाच जणांनी एका रेषेत, एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून हळूहळू चालावे. दिसलेली सगळी खापरे गोळा करण्याचा मोह टाळावा. काठ, तोटी, तळ किंवा रंगकाम असलेली थोडी खापरे अभ्यासासाठी पुरतात, आणि संरक्षित स्थळावरून तर एकही खापर उचलू नये. प्रत्येक पिशवीत आणि पिशवीवर गाव, गट क्रमांक, मोबाइलवर मिळणारे अक्षांश-रेखांश, तारीख आणि उचलणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी हवी. धुतलेल्या खापरावर आतल्या बाजूस काळ्या शाईने लहान अक्षरांत तोच सांकेतिक क्रमांक लिहावा, कारण पिशव्या फाटतात आणि चिठ्ठ्या उंदीर खातात.

खापरे ओळखायला शिकणे कठीण नाही, फक्त डोळ्याला सवय लागावी लागते. संगमनेरजवळच्या जोर्वे या गावाच्या नावाने ओळखली जाणारी खापरे तांबूस, पातळ, पक्की भाजलेली असतात; वाजवली तर खणखणीत आवाज देतात आणि त्यांवर काळ्या रंगात भौमितिक नक्षी असते. त्यांचा काळ ढोबळमानाने इ.स.पूर्व १४०० ते ७०० असा धरला जातो. आत काळी आणि बाहेर वरच्या भागात काळी व खाली तांबडी अशी काळी-तांबडी भांडी, झिलईदार तांबडी भांडी, मोठ्या आकाराच्या विटा आणि शिशाची नाणी असे एकत्र दिसू लागले, की सातवाहन काळाचा विचार करावा लागतो. तरी एका खापरावरून काळ जाहीर करू नये. निवडक नमुने आणि छायाचित्रे घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागातील अभ्यासकांकडे जावे. नीट नोंद घेऊन आलेल्या माणसाला अभ्यासक वेळ देतात, असा माझा अनुभव आहे, नुसती पिशवी ओतून "हे किती जुने?" असे विचारणाऱ्याला उत्तर देणे त्यांनाही अशक्य असते.

वेशीजवळच्या वीरगळांकडे वळतो. येथे मंडळाला लगेच हात घालता येईल आणि कोणाच्या परवान्यासाठी थांबावे लागणार नाही, मात्र गावाच्या श्रद्धेचे भान ठेवावे लागेल. वीरगळावर साधारणपणे सर्वांत खाली लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र व कलश असे कप्पे असतात. खालच्या कप्प्यात गाई दिसत असतील, तर गुरे पळवून नेणाऱ्यांशी झालेल्या झुंजीत तो वीर पडला असे समजतात. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात असेल तर ती सतीशिळा. गाय-वासरू कोरलेला दगड दानाशी निगडित असतो. गाढव आणि स्त्री यांचे शिल्प असलेला गद्धेगाळ हा दान मोडणाऱ्याला दिलेला शाप आहे, आणि अशा दगडाच्या वरच्या भागात लेख असण्याची शक्यता असल्याने तो बारकाईने पाहिला पाहिजे. लोक संकोचाने तो पालथा घालतात किंवा पायरीला लावतात. प्रत्येक दगडाची उंची, रुंदी, जाडी, दगडाचा प्रकार, तोंड कोणत्या दिशेला आहे, गाव त्याला कोणत्या नावाने पुजते आणि तो मूळ जागी आहे की रस्ता रुंद करताना हलवला गेला, हे सारे एका ठरलेल्या तक्त्यात भरावे. गावकरी त्याला भैरोबा किंवा वेताळ म्हणत असतील, तर तेही नोंदवावे. दगडाचा शेवटच्या दोन-तीनशे वर्षांचा इतिहास त्या नावात असतो.

शेंदराचे थर खरवडू नयेत. तैलरंगाने रंगवलेला वीरगळ पाहून जीव कळवळतो, हे खरे आहे, पण तारेचा ब्रश, आम्ल, रंग काढण्याचे द्रव किंवा ग्राइंडर यांनी जी हानी होते ती रंगाने होत नाही. लेखाची अक्षरे दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ किंवा भस्म भरण्याची पद्धतही सोडून द्यावी. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि तिरपा प्रकाश एवढ्यावर भागते. माध्यान्हीच्या उन्हात सपाट दिसणारा दगड सूर्य कलल्यावर वाचता येतो. त्याहून उत्तम म्हणजे अंधार पडल्यावर कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून, एकाने विजेरी दगडाच्या पृष्ठभागालगत धरून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून प्रकाश टाकावा आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे. एका छायाचित्रात नाहीसा झालेला काना दुसऱ्यात स्पष्ट उमटतो. ओला कागद दगडावर ठोकून शाईच्या बोळ्याने ठसा घेण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे, परंतु ती जाणकाराकडून हाताने शिकूनच करावी, कारण शाई कागदातून दगडात उतरली तर डाग राहतो.

लेखातील काळ तपासण्याची एक रीत सर्व सभासदांना शिकवावी. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील चौऱ्याऐंशीचा लेख घ्या. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्या शिळेला पाठ घासत आले, त्यामुळे अक्षरे झिजली. या लेखात शके ११९५ पासूनच्या देणग्यांची नोंद असून त्या वर्षाला श्रीमुख संवत्सर म्हटले आहे. शकात ७८ मिळवले की इ.स. १२७३ येते. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेता येतो: शके १९०९ हे प्रभव, म्हणजे चक्रातले पहिले, संवत्सर होते, तेथून साठ-साठ वर्षे मागे गेले की शके ११८९ हेही प्रभव येते, आणि प्रभवापासून मोजत शके ११९५ ला सातवे, म्हणजे श्रीमुख, हेच नाव निघते. आपल्या दगडावर शकाचा एक अंक झिजलेला असेल आणि संवत्सराचे नाव शाबूत असेल, तर तो अंक याच हिशेबाने भरून काढता येतो. आणि दोन्ही जुळत नसतील, तर आपले वाचन चुकले आहे की कोरक्याचेच चुकले आहे, हा प्रश्न प्रामाणिकपणे मांडता येतो.

असे काम व्यावसायिक अभ्यासकच करू शकतो, असा समज असेल तर सोलापूरचे आनंद कुंभार आठवावेत. नोकरी सांभाळून, स्वतः शिकून त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचा आयुष्यभर शोध घेतला. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख त्यांच्यामुळेच अभ्यासकांसमोर आला आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाऊ लागला. जिल्ह्यातले प्रत्येक देऊळ पायाखाली घातलेला माणूसच ते करू शकत होता.

मोडी रुमालांच्या बाबतीत माझा सल्ला असा की, कागद मागू नका, वाचण्याची परवानगी मागा. वतनदार घराण्यांना आपले दप्तर कोणी नेईल आणि परत देणार नाही अशी भीती असते, आणि ती निराधार नाही. इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवत, आणि त्यातूनच १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले. पण राजवाड्यांच्या हाती कॅमेरा नव्हता, आपल्या हाती आहे. घरमालकाच्या समोर, त्याच्याच ओसरीवर, खिडकीच्या मंद उजेडात एकेक कागद पाठपोट टिपावा आणि रुमाल जसा होता तसा बांधून परत द्यावा. रुमालातील कागदांचा क्रम बदलू नये, दोन रुमाल एकत्र करू नयेत, कारण कोणता कागद कोणत्या कागदाबरोबर बांधला होता हीसुद्धा माहितीच असते. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना सक्त मनाई असावी. वाळवी आणि कसर यांसाठी वेखंडाची पुरचुंडी आणि कोरडी, हवेशीर जागा हा जुना उपाय घरमालकाला सांगावा.

छायाचित्रांनंतर सूची करावी. मायना, पाठवणारा, ज्याला लिहिले तो, मिती, विषय आणि पहिली-शेवटची ओळ एवढे पुरे. येथे अरबी सनाचा अडसर येतो. पानिपतच्या वेळचे एखादे पत्र "इहिदे सितैन मया व अलफ" असे सन देईल. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० आणि अलफ १०००, बेरीज ११६१. हा शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्रात ६०० मिळवायचे. म्हणजे हे वर्ष १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचे झाले. पावसाळ्यात शेतात जाता येत नाही तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ मोडीच्या वाचनाला द्यावी, आणि त्यात फक्त मोठ्या सरदारांची पत्रे शोधू नयेत. गावच्या पाटीलकीचा वा सीमेचा तंटा मिटवणारा एखादा महजर, म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद, मिळाला, तर त्याखाली पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांपर्यंत साऱ्यांच्या निशाण्या आणि साक्षी सापडतात. गावाचा इतिहास लिहिणाऱ्या मंडळाला मी तो महजर दहा स्वाऱ्यांच्या वर्णनांपेक्षा मोलाचा मानीन.

संग्रहालय मात्र सध्या काढू नये. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून आज तेथे शासकीय संग्रहालय उभे आहे. इटलीतील पाँपेई या प्राचीन नगरात सापडलेल्या मूर्तीशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगाला माहीत झाली ती या संग्रहामुळे. त्यांच्या चिकाटीपुढे नतमस्तकच व्हावे लागते. पण तेव्हाची परिस्थिती आणि आजचे कायदे यांत अंतर आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते, महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि मूर्तिशिल्पांसारख्या काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे. त्याशिवाय कुलूपबंद खोली, नोंदवही, विमा, राखणदार आणि वीस वर्षांनंतरही किल्ली कोणाकडे असेल याचे उत्तर, हे सारे लागते. संस्थापक गेल्यावर वस्तू एखाद्या शाळेच्या अडगळीत गेल्याचे मी पाहिले आहे. त्याऐवजी मूळ जागेवर असलेल्या वस्तूंची छायाचित्रे, नकाशे आणि वाचने यांचे फिरते प्रदर्शन गावोगावच्या जत्रांत मांडावे. आपल्याच शिवारातला दगड फोटोत पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी आणखी एक दगड दाखवायला येतो.

नाण्यांचा हंडा किंवा मूर्ती सापडल्याची वार्ता आली, तर काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे. १८७८ चा भूमिगत द्रव्याचा कायदा आजही लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. शेतकरी घाबरून वस्तू लपवतो किंवा सोनाराकडे वितळवून टाकतो, कारण सरकार सगळे घेऊन जाईल एवढेच त्याने ऐकलेले असते. द्रव्य बेवारस ठरले आणि दुसरा काही करार नसेल, तर सापडणाऱ्याचा वाटा तीन-चतुर्थांश आणि उरलेला जमीनमालकाचा, आणि शासनाने ते स्वतःकडे घेतल्यास मोबदला द्यायचा, अशी तरतूद याच कायद्यात आहे, हे मंडळातल्या वकील सभासदाने गावसभेत समजावून सांगावे. मंडळाने स्वतः वस्तू ताब्यात घेऊ नये. जागेचे आणि वस्तूचे छायाचित्र घ्यावे, अर्ज लिहायला मदत करावी, तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांना त्याच दिवशी कळवावे, आणि खड्डा कोणी आणखी उकरणार नाही याची काळजी घ्यावी.

वर्तमानपत्रात बातमी देण्याची घाई करू नये, हे येथेच सांगतो. नेमकी जागा छापून आली की गुप्तधन शोधणारे रात्री पोहोचतात. लेख असलेला दगड म्हणजे धनाची खूण अशा समजुतीने कितीतरी वीरगळ, नंदी आणि पिंडी फोडल्या गेल्या आहेत. शोध आधी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि लिहिताना गावाचे नाव पुरे, अक्षांश-रेखांश मंडळाच्या नोंदवहीत राहावेत. प्रत्येक दगडी देवळाला हेमाडपंती आणि प्रत्येक लेण्याला पांडवकालीन म्हणणेही मंडळाने सोडून द्यावे.

किल्ल्यांवरील श्रमदानाबद्दल थोडक्यात. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाल्यापासून तरुणांचा ओघ वाढला आहे आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु टाक्यातला गाळ उपसणे हेही एक प्रकारचे उत्खनन आहे, त्या गाळात नाणी, बाण, भांडी असतात. म्हणून पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय ते करू नये. ढासळलेली भिंत सिमेंटने सांधू नये. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे, हे स्वच्छतागृह किंवा कमान बांधायला निघालेल्या उत्साही मंडळींना वेळीच सांगावे. आपल्या तालुक्यात धरणाचे बुडीत क्षेत्र असेल, तर मे महिना राखून ठेवावा. उजनीचे पाणी ओसरते तेव्हा इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. अशा बुडीत गावठाणांतील दगड, पायऱ्या, बारवा यांची मोजमापे घेण्यासाठी वर्षात तेवढेच दिवस मिळतात.

बैठकांच्या शिस्तीवर मंडळाचे आयुष्य अवलंबून असते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. सभेत टिपण वाचायचे, त्यावर चर्चा व्हायची आणि मग ते छापायचे, या त्यांच्या रीतीने मराठी संशोधनाला वळण लागले. तालुक्याच्या मंडळालाही हीच रीत लागू पडते. महिन्यातून एक बैठक, तीत एका सभासदाचे एकच लहान टिपण, आणि "हे तुम्हांला कशावरून कळले?" हा प्रश्न विचारण्याची प्रत्येकाला मोकळीक. वर्षअखेरीस पन्नास-साठ पानांची पुस्तिका निघाली आणि तिच्या प्रती जिल्हा ग्रंथालयात, विद्यापीठात आणि पुरातत्त्व विभागात पोहोचल्या, की काम सुरक्षित झाले. व्याख्यानमाला आणि शालेय सहली जरूर असाव्यात, पण त्या या पुस्तिकेच्या जागी येऊ नयेत.

एका अडचणीची पूर्वकल्पना देतो. जुन्या कागदांत वतने, मानपान, सीमा आणि जाती येतात, आणि त्यांच्या आधाराने आजचे तंटे लढवावेत असे काहींना वाटते. मंडळाने मूळ पाठ अक्षरशः जसा आहे तसा, शंकास्थाने दाखवून छापावा, कोणाच्या बाजूने प्रमाणपत्र देऊ नये आणि न आवडणारी ओळ गाळूही नये. देणगीदार घराण्याचा पूर्वज लढाईतून पळाला असे पत्रात लिहिले असेल, तर ते तसेच छापण्याची तयारी असल्याशिवाय त्या घराण्याची देणगी घेऊ नये.

राहिला नोंदणीचा प्रश्न. सात सभासद असले की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते आणि धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद होते; कार्यालयांशी पत्रव्यवहार करताना त्याचा उपयोग होतो. तरी पहिले वर्ष नोंदणीशिवाय काढले तरी चालेल. या पावसाळ्यात गॅझेटियर आणि गावनकाशे पाहून यादी करा, मोडीचे वाचन सुरू करा आणि वीरगळांचा तक्ता तयार करा. दिवाळीनंतर वेशीजवळच्या दगडांपासून सुरुवात करून तालुक्यातील गावे एकेक करून घ्या. रब्बी निघाली की पांढरीवर चाला. मूळ नोंदवही कागदावर असू द्या, तिची स्कॅन केलेली प्रत तीन वेगवेगळ्या घरी ठेवा, आणि पहिले वीस तक्ते भरून झाले की ते एखाद्या अभ्यासकाला दाखवून त्यातील रकाने सुधारून घ्या, म्हणजे पुढच्या गावांत तेच काम दुसऱ्यांदा करावे लागणार नाही.